अस्वलाचे डोळे

सोमवार, ४ नोव्हेंबर

जाऊबाई,

सशाचा डावा डोळा निघाला. कपवाल्या बाईंनी स्वतः आणून दाखवला, म्हणजे शंकेला जागा नाही. कपवाल्या म्हणजे शेजारच्या स्टॉलवर मातीचे कप विकतात त्या. मागच्या वर्षी त्यांची पिशवी कायम तुमच्या खुर्चीवर असायची आणि तुम्ही काही न बोलता ती खाली ठेवायच्या. यंदाच्या मेळ्यात पहिल्याच शनिवारी त्यांनी नातीसाठी आपल्याकडचा कापडी ससा घेतला होता. काल नात सोबत आली. तळहातावर बटण धरून मला म्हणते, "मावशी, याला आता अर्धंच दिसतं का?"

मी हसले. कपवाल्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही शाळेत जाते म्हणून हातात आलं. धाकटा असता तर पोटात गेलं असतं."

एकच डोळा आहे, तिथल्या तिथे लावून दिला. काळजीचं काही नाही.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. भाऊजींना सांगितलं असतं, पण ते निरोप पोचवताना त्यात स्वतःचं तिखटमीठ घालतात. वर 'जाऊबाई' लिहिलंय त्याचा राग मानू नका. हाताला सवय 'ताई'ची आहे, पण वर्षभरानंतर ते चालेल की नाही कळेना.

एक विचारायचं होतं. डोळे लावायला तुम्ही कुठला दोरा वापरायच्या? पांढरी रिळं तुमच्यासोबत गेली आणि त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते मी कधी बघितलंच नाही. आणि गाठ कुठे मारायच्या? मला बाहेरून कधी दिसली नाही. सहज विचारतेय.

बाकी तुमची पद्धत चालू आहे. डोळे सगळ्यात शेवटी लावते. आधी लावले की प्राणी बघत राहतो आणि सुई टोचवत नाही, हे तुमचं म्हणणं मला आत्ता पटलंय. आणि लटकवतेसुद्धा. हुक तुम्ही नेलात, म्हणून दाराच्या चौकटीला खिळा ठोकला. डोळ्यामागून फास, वजनाला पायांना इस्त्री बांधायची, आणि डोळा टिकतो का बघायला चहा उकळेपर्यंत तसाच ठेवायचा. प्रत्येक प्राणी. तेव्हा मनात काही आणू नका.

मेळा महिन्याभराचा आहे, शनिवार-रविवार. पहिल्या दोन दिवसांतच एक खोकं रिकामं झालं. तुमच्या पाठीत उसण भरायची ती आता कशी आहे?

तुमची,
धाकटी


गुरुवार, ७ नोव्हेंबर

जाऊबाई,

उत्तराची वाट बघायला हवी होती, पण थांबवत नाही.

विकायचे राहिलेले प्राणी काल जेवणाच्या टेबलावर मांडले आणि एकेकाचे डोळे ओढून पाहिले. सगळे घट्ट. जीव भांड्यात पडला. मग वाटलं, मूल काही असं ओढत नाही. मूल चावतं, चोखतं, सोडतं, परत चावतं. म्हणून मी तपकिरी कुत्रा उचलला आणि त्याचा डोळा तोंडात घातला.

तेवढ्यात हे आत आले. बायको टेबलाशी बसून कुत्र्याचा डोळा चावतेय. म्हणाले, "जेवायला वेळ आहे का अजून?"

मी हाताने गप्प बसा म्हटलं. त्यानंतर फार वेळ लागला नाही. बटण सुटून जिभेवर आलं. गोल, गुळगुळीत, आणि घशाकडे आपणहून सरकणारं. मी मोठी बाई, मला माहीत होतं ते येणार आहे, तरी मी दचकले.

आता खरं सांगते. मी वापरलेला दोरा सुती नव्हता. मी नायलॉनचा आणला, मासे धरायला वापरतात तो तंगूस. दुकानदार म्हणाला, "याला अख्खा माणूस लटकेल, दोरा तुटणार नाही." आणि तो तुटत नाहीच. गाठ सुटते. कोरडा असेपर्यंत धरून ठेवतो, ओला झाला आणि थोडा हलवला की गाठीतून आपला आपण निसटतो. मला वाटलं होतं की मी तुमच्यापेक्षा मजबूत वस्तू शोधली.

आणि लटकवलं म्हणाले ते सगळे नाहीत. पहिले काही लटकवले. इस्त्रीला एकाचाही डोळा हलला नाही, म्हणून पुढचे तसेच खोक्यात भरले. ह्यांच्या शर्टांना इस्त्री मोकळी मिळत नव्हती, हे एक कारण. दुसरं असं की तुम्ही असताना ते लटकलेले प्राणी म्हणजे आपली गंमत होती. एकटीने चहा करायचा, समोर दारात ससा लटकतोय, घरात दुसरं कोणी नाही. नको वाटायचं.

मागच्या वर्षी मी जे बोलले ते तुम्ही विसरला नसाल. त्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, डोळ्यापाशी ही खूण कसली? आणि मी म्हणाले, "आमच्या जाऊबाई रोज सगळ्यांना फाशी देतात, त्यातून जे वाचतात ते इथे विकायला आणतो." सगळे हसले. मला वाटलं तुम्हीही हसलात. तुम्ही सुई टाचण्यांच्या गादीला टोचली, चष्मा डबीत ठेवला आणि उठून गेलात. महिन्याभरात भाऊजींनी बदली मागून घेतली. त्याबद्दल मला काय म्हणायचंय ते आज लिहीत नाही, कारण आज लिहिलं तर दोरा विचारायला लिहिलं असं होईल.

पण दोऱ्याचं सांगा. एक खोकं भरून प्राणी लोकांच्या घरात आहेत. त्यातल्या किती घरांत रांगणारी मुलं आहेत, या विचाराने हातातलं काम सुचत नाही. रस्त्यात बाबागाडी दिसली की आत वाकून बघते. आज एका आईने गाडी पटकन पलीकडे घेतली.

धाकटी


सोमवार, ११ नोव्हेंबर

जाऊबाई,

उत्तर नाही. ठीक आहे.

शनिवारी सकाळी मेळा उघडायच्या आधी व्यवस्थापकांना गाठलं. गळ्यात शिट्टी घालून फिरतात म्हणून आपण त्यांना शिट्टीसाहेब म्हणायचो, तेच अजून आहेत. म्हटलं, माइकवरून सांगा, या स्टॉलवरून घेतलेले प्राणी परत आणा, डोळे सैल आहेत.

म्हणाले, "बाई, माइकवरून असं सांगायचं? आज डोळे निघतात म्हणू, उद्या लोक म्हणतील कपाचे कान निघतात."

पलीकडून कपवाल्या ओरडल्या, "माझ्या कपाचे कान निघत नाहीत! उचलून बघा, हवं तर त्याच्यासकट तुम्हाला उचलते!"

माइक मिळाला नाही. मग मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'इथून नेलेले कापडी प्राणी परत आणा. डोळे सैल आहेत. लहान मुलांच्या हातात देऊ नका.' आणि तो पुठ्ठा स्टॉलच्या मधोमध टांगला. हे म्हणाले, "हा वाचून नवीन गिऱ्हाईक कोण येणार?" कोणी आलं नाही. लांबूनच वाचायचे आणि मुलांचे हात धरून वळायचे. शेवटी ह्यांनीच पुठ्ठा सरळ केला, म्हणाले, तिरका टांगलायस, मागच्यांना दिसत नाही.

पण विकलेले प्राणी परत आले. एक एक करत, पिशव्यांतून, एक तर दप्तरातून. मी साधा सुती दोरा घेऊन बसले होते, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. आजोबा आठवतात का, मागच्या वर्षी मांजर घेऊन गेले ते? यंदा त्यांनी कुत्रा घेतला होता. म्हणाले, "माझ्या घरी लहान कोणी नाही. मी चावत नाही. डोळा पडला तर पडू दे, पण याला इथे ठेवून जाणार नाही." त्यांच्यासमोर बसून शिवला. सुई आत गेली की ते मान वळवायचे.

बाकीच्यांसाठी मी माझं काम केलं. तुम्ही डोळे लावायच्या आणि मी माणसं लक्षात ठेवायची, तेवढी वाटणी आपल्यात ठरलेली होती. कोणी कुठला प्राणी घेतला, घेताना काय म्हणालं, कुणासाठी म्हणालं, सगळं आठवून काढलं. 'बँकेत जेवणाची सुट्टी संपली, लवकर बांधा' म्हणाली ती बँकेत सापडली. 'नवऱ्याला सांगू नका, मला स्वतःसाठी हवाय' म्हणाली ती पोहायच्या तलावावर शिकवते. तिच्या टॉवेलात घोडा होता.

दोन राहिले. एक देवमासा आणि एक पिवळं अस्वल.

देवमासा एका तरुणाने घेतला, पाठीवर गिटार होती. मित्राकडे बाळ झालंय, त्याच संध्याकाळच्या गाडीने निघतोय, म्हणाला. ते बाळ अगदी तान्हं आहे, वस्तू धरून तोंडात घालायला त्याला अजून अवकाश आहे, असं मी स्वतःला सांगते.

अस्वलाचं मात्र काही सांगता येत नाही. त्या बाईने छातीशी बाळ बांधलेलं होतं. अस्वल हातात घेऊन तिने विचारलं, "याला दात येतायत, मिळेल ते तोंडात घालतो. चालेल ना?"

आणि मी म्हणाले, "घालू दे की! सुती कापड आहे, काही होत नाही."

माझ्या तोंडून हे वाक्य कसं सहज आलं ते तुम्हाला माहीत आहे. शंभर वेळा म्हटलेलं आहे. तुम्ही शेजारी बसलेल्या असायच्या तेव्हा ते खरं असायचं.

आणखी काय म्हणाली ते आठवतेय. प्लास्टिकची पिशवी नको. आणि नवीन घरातली लिफ्ट बंद आहे, बाळाला घेऊन पाच मजले चढायचेत. एवढंच. मैदानाच्या आसपास पाच मजल्यांच्या आणि त्याहून उंच इमारती मोजायला आज सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी विचारते, तुमची लिफ्ट बंद आहे का? लोकांना वाटतं मी दुरुस्तीवाली. एका इमारतीत सचिवांनी मला पाऊण तास लिफ्टच्या तक्रारी सांगितल्या.

धाकटी


बुधवार, १३ नोव्हेंबर

इमारत सापडली. पिठाच्या गिरणीमागची. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली आहे.

पाचव्या मजल्यावर कुलूप. खाली येऊन रखवालदाराला विचारलं. म्हणाला, सोमवारी गेले, बाळाला घेऊन, बॅगा भरून. बाळ फार रडत होतं, दोन दिवस सारखं रडत होतं, वरून इथपर्यंत ऐकू यायचं. कुठे गेले? माहीत नाही.

मी विचारलं, त्यांच्याकडे पिवळं अस्वल होतं का?

"होतं ना. बाळाच्या हातातच होतं. पण त्याला डोळे नव्हते."

एक नव्हता का?

"दोन्ही नव्हते, बाई. मी बघितलं. आंधळं अस्वल कशाला घेतलं म्हणून मी त्यांना विचारणार होतो, पण ते घाईत होते."

समोरच्या घरातल्या आजींकडे त्यांचा नंबर आहे. मला देईनात, अनोळखी बाईला कसा देऊ म्हणाल्या. बरोबरच आहे. माझा नंबर लिहून घेतला आणि निरोप देते म्हणाल्या. निरोप काय देऊ, असं त्यांनी विचारलं.  म्हटलं, सांगा, अस्वल विकणारीने विचारलंय, बाळ कसं आहे.

फोन आलेला नाही. मी तो हातातच धरून बसलेय. ह्यांनी दूरच्या खोलीतून चुकून लावला तर मी किंचाळले.

कुणाला तरी लिहायचं म्हणून लिहितेय.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पार्सल आज सकाळी आलं. पाठ उघडी ठेवलेला हत्ती.

मी आधी चिठ्ठी शोधली. खोक्यात, कागदात, हत्तीच्या पोटात. चिठ्ठी नव्हती. मग खिडकीशी बसून हत्तीच आतून नीट पाहिला. पांढरा सुती दोरा, मेण लावलेला. एका डोळ्यातून डोक्याच्या आत, आत एक छोटं चपटं बटण, त्यातून पलीकडच्या डोळ्यात, तिथून परत. दोन्ही डोळे डोक्यातून एकमेकांना बांधलेले. एक ओढला तर दुसरा धरून ठेवतो. आणि गाठ कानाच्या शिवणीत पुरलेली. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून मला वाटत होतं की तुम्ही बटण लावता. मी कापडाला बटण लावत होते.

कापूस तुम्ही भरला नाहीत, मला दिसावं म्हणून. पाठीला हात लावलेला नाही. तशीच उघडी ठेवणार आहे.

मी हत्ती मांडीवर घेऊन बसलेली असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"अस्वलवाल्या बाई ना? मी पाचव्या मजल्यावरची."

मी म्हटलं, "बाळ कसं आहे?"

"मजेत. दात आला एकदाचा. तुम्ही का विचारताय?"

 मग सगळं एका दमात सांगितलं, दोरा, गाठ, पुठ्ठा, रखवालदार, दोन्ही डोळे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोळे मी काढले."

"तुम्ही?"

"मेळ्यातून घरी आल्यावर पहिलं काम तेच. दात येणाऱ्या मुलाच्या हातात बटणं देईन का मी? तुम्ही म्हणालात, घालू दे तोंडात, काही होत नाही. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, या बाईंना मूलबाळ नसणार."

 तिने बरोबर ओळखलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

ती बोलतच होती. "कात्री आणायला उठले, तोवर एक हातातच आला. म्हटलं, बाई बोलतात छान, पण शिवत नाहीत छान. दोन्ही डोळे शिवणाच्या डब्यात ठेवलेत, मोठा झाला की लावीन. त्याला काय, तो अस्वलाच्या कानावर खूश आहे."

मग घर बंद का होतं? तर आईकडे गेली होती, झोपायला. "त्याला नाही हो, मला. तिकडे आई घेते रात्रीचं."

फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. का ते माहीत नाही. घरात खुर्च्या आहेत. हे आले आणि एक पायरी सोडून बसले. मी सांगितलं. म्हणाले, "त्या बाईला आपल्या स्टॉलवर बसवायला पाहिजे." मला हसू आलं आणि मग ते थांबेना.

सुटले असं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. कारण ते बाळ वाचलं ते माझ्यामुळे नाही. त्याच्या आईने माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून वाचलं. ज्या बायकांनी ठेवला, त्यांची घरं मी शोधत फिरले. आणि देवमासा अजून बाहेर आहे.

त्याचाही धागा लागलाय. शिट्टीसाहेब दुपारी स्वतः घरी आले. रविवारी संध्याकाळी मैदानात गाण्याचा कार्यक्रम आहे, त्याचं पत्रक घेऊन. त्यावरच्या फोटोत डावीकडून तिसरा, गिटारवाला. तोच आहे, मी कानातल्या बाळीवरून ओळखला. साहेबांनी दिलेला त्याचा फोन बंद लागतोय, पण तो रविवारी पाचला मंचावर असेल. तो चढायच्या आधी मी त्याला गाठीन आणि मित्राला माझ्यासमोर फोन लावायला सांगीन. साहेब म्हणाले, नाहीच सापडला तर मी माइकवरून नाव घेऊन बोलावतो. साहेब का बदलले विचारलंत तर कपवाल्यांनी त्यांना काहीतरी सांगितलंय. काय ते दोघंही सांगत नाहीत.

अस्वलवाली रविवारी अकरापर्यंत येते म्हणाली, डोळे डबीत घालून. बाळ मोठं होईपर्यंत थांबणार नाही म्हणते. "असे लावा की मी दोन्ही हातांनी ओढीन आणि निघणार नाहीत. नाहीतर डबी परत नेईन." ती ओढणार, ताई. ती नक्की ओढणार. अकराच्या आत मला हत्तीतलं सगळं हातात बसवायचंय. आज दुपारपासून तीन वेळा केलं. आतलं बटण तिरकं बसतं आणि अस्वल एका बाजूला बघायला लागतं.

आणि ठरवलंय की लटकवायचं ते यापुढे घरात नाही. स्टॉलच्या आडव्या बांबूला, सगळ्यांसमोर. इस्त्री घेतली आहे. कपवाल्या चहाची शेगडी आणतायत, त्यांच्याच कपात देणार म्हणतात, म्हणजे कानांचीही परीक्षा होईल. कोणी विचारलं ही खूण कसली, तर या वेळी काय सांगायचं ते मी पाठ केलंय. तुम्ही ऐकायला असलात तर बरं.

भाऊजींशी बोलणं झालं. तुमचं रविवारचं तिकीट काढून ठेवलंय म्हणाले, गाडी इथे साडेनऊला पोचते. तुम्ही बसाल की नाही हे त्यांना ठाऊक नाही. विचारलं तर तुम्ही भाजी चिरायला घेतलीत म्हणे. हे पत्र कुरियरने पाठवतेय, उद्या दुपारी मिळेल.

स्टॉलवर दोन खुर्च्या सांगितल्यात. कपवाल्यांना पिशवी दुसरीकडे ठेवा म्हटलंय. पार्सलात दोरा होता, मेण होतं, सुया होत्या. हुक नव्हता. तो का नव्हता याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावलाय, आणि बांबूला तेवढीच एक जागा मोकळी ठेवलीय.

तुमची,
धाकटी